चीनच्या गाओकाओतील इंग्रजीचा पेपर नेमके काय मोजतो?

केतकी_दक्षिणचीन
नमस्कार. २०१५ ते २०२१ अशी सहा वर्षे मी चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातील एका उच्च माध्यमिक शाळेत इंग्रजी संभाषणाचा तास घेत होते. तेथे इंग्रजी शिकवण्याचा परवाना देताना पासपोर्ट कोणत्या देशाचा आहे हे पाहतात. माझा कॅनडाचा असल्यामुळे ते काम मिळाले. वर्गात पंचावन्न मुले असत आणि प्रत्येक वर्गाच्या वाट्याला आठवड्यातून माझा एक तास येई. अकरावीपर्यंत मुले त्या तासाची वाट पाहत. बारावीत, म्हणजे तेथे ज्याला 'गाओ-सान' म्हणतात त्या वर्षात, तीच मुले माझ्या तासाला गणिताची उदाहरणे बाकाखाली ठेवून सोडवत, आणि मला त्यांना रागावणे कधी जमले नाही. गाओकाओ, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाची राष्ट्रीय परीक्षा, त्यांच्या डोक्यावर होती. २०२५ साली या परीक्षेला सुमारे १ कोटी ३३ लाख विद्यार्थ्यांनी नावे नोंदवली. एकूण ७५० गुणांपैकी चिनी, गणित आणि परकीय भाषा यांना प्रत्येकी १५० गुण आहेत. परकीय भाषा म्हणून जपानी, रशियन, जर्मन, फ्रेंच किंवा स्पॅनिशही घेता येते, पण बहुसंख्य मुलांची भाषा इंग्रजीच असते.

हा धागा काढण्याचे कारण असे की, मराठी संकेतस्थळांवर चिनी विद्यार्थ्यांच्या इंग्रजीचा विषय निघाला की 'ते सगळे पाठ करतात, बोलता काही येत नाही' असे एका वाक्यात उरकले जाते. त्या वाक्यात तथ्य आहे, परंतु ते अर्धे आहे. परीक्षेची रचना कशी आहे आणि ती तशी का आहे, हे समजून घेतल्याशिवाय त्या मुलांना न्याय देता येणार नाही, असे मला मनापासून वाटते.

आज अनेक प्रांतांत वापरल्या जाणाऱ्या नव्या राष्ट्रीय पेपरात श्रवणाला ३० गुण आहेत. वाचनाला ५० गुण असून त्यांपैकी साडेबारा एका वेगळ्या प्रकाराला आहेत: उताऱ्यातून पाच वाक्ये काढून घेतलेली असतात आणि दिलेल्या सात वाक्यांतून योग्य ती पाच निवडून जागच्या जागी बसवायची असतात. गाळलेल्या जागांचे दोन उतारे प्रत्येकी १५ गुणांचे आहेत. एकात पर्याय दिलेले असतात, दुसऱ्यात शब्दाचे योग्य रूप स्वतः लिहावे लागते. उरलेले ४० गुण लेखनाचे. दोन तासांत हे सर्व करायचे असते. यात बोलण्याचा एकही गुण नाही.

ग्वांगडोंग याला अपवाद आहे. तेथे २०११ पासून श्रवण आणि संभाषण यांची परीक्षा संगणकावर घेतली जाते आणि तिला आता २० गुण आहेत. मग अशा प्रांतात तरी माझ्या तासाला महत्त्व यायला हवे होते, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात परीक्षा जवळ आली की माझा तासच काढून घेतला जाई आणि मुलांना संगणक कक्षात नेले जाई. ही परीक्षा एखाद्या माणसाशी बोलण्याची नसून यंत्राशी बोलण्याची आहे. पहिल्या भागात एक छोटी चित्रफीत दाखवतात, मग आवाज बंद करून तीच पुन्हा दाखवतात, आणि निवेदकाच्या गतीने, त्याच्याच चढउतारांनिशी मजकूर वाचावा लागतो. दुसऱ्या भागात चिनी भाषेत दिलेल्या सूचनेवरून तीन प्रश्न इंग्रजीत विचारायचे, त्यांची उत्तरे ऐकायची आणि मग पाच प्रश्नांची उत्तरे द्यायची. तिसऱ्या भागात गोष्ट ऐकून ती आपल्या शब्दांत सांगायची.

दुसऱ्या भागातली एक गोष्ट मी कधी विसरणार नाही. सरावाच्या वेळी माझ्या शेजारी बसलेल्या मुलीने प्रश्न चुकीचा विचारला. तो प्रवास कधी सुरू झाला हे विचारायचे होते आणि तिने तो कोठे सुरू झाला असे विचारले. संगणकातून उत्तर आले ते मात्र 'कधी' या प्रश्नाचे, कारण ते आधीच ध्वनिमुद्रित केलेले होते. ती क्षणभर थबकली, माझ्याकडे पाहिले, आणि मग मान खाली घालून पुढच्या प्रश्नाकडे वळली. समोरच्याला आपले बोलणे कळले नाही, तर आपण थांबतो, पुन्हा विचारतो, शब्द बदलून पाहतो. संभाषण म्हणतात ते यालाच. त्याची येथे गरजच उरलेली नव्हती.

आपल्यापैकी कोणाला चीनमधील शाळांचा, परीक्षांचा किंवा त्या मुलांबरोबर काम करण्याचा अनुभव असल्यास अवश्य लिहावे.

निवृत्त_परीक्षक
केतकीताई, अतिशय मोलाची माहिती दिलीत. मी महाराष्ट्रात बारावीच्या इंग्रजीच्या उत्तरपत्रिका अनेक वर्षे तपासल्या आहेत, त्यामुळे मला वेगळीच उत्सुकता आहे. लेखनाच्या ४० गुणांचे ते काय करतात? बहुपर्यायी प्रश्न यंत्र तपासेल, परंतु लाखो मुलांचे लेखन एकाच मापाने मोजणे हे भाषेच्या परीक्षेतले सर्वांत अवघड काम आहे. एकाच निबंधाला सकाळी ताज्या डोळ्यांनी दिलेले गुण आणि संध्याकाळी पाठीला रग लागल्यावर दिलेले गुण सारखे नसतात, हे मी माझ्याच हातून झालेले पाहिले आहे.

केतकी_दक्षिणचीन
सर, उत्तरपत्रिका स्कॅन केल्या जातात आणि परीक्षकाला त्या संगणकाच्या पडद्यावर दिसतात; विद्यार्थ्याचे नाव किंवा शाळा त्याला कळत नाही. एकच लेखन दोन परीक्षक स्वतंत्रपणे तपासतात आणि दोघांच्या गुणांत ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक अंतर पडले, तर ते तिसऱ्याकडे जाते.

पडद्यावर वाचले जाते म्हणून अक्षराला आलेले महत्त्व आपल्याला थक्क करील. हबेई प्रांतातील हंग्श्वे शहराच्या नावाने ओळखले जाणारे एक इंग्रजी वळण साऱ्या देशात प्रसिद्ध आहे. अक्षरे उभी, गोलसर, एकमेकांपासून समान अंतरावर, छापल्यासारखी. त्याच्या कित्त्याच्या वह्या बाजारात मिळतात. आमच्या शाळेत सकाळच्या वाचनानंतरची दहा मिनिटे मुले तो कित्ता गिरवत. लहानपणी आपण शुद्धलेखनाच्या वहीत गिरवत होतो तसे सतरा वर्षांची मुले परकीय लिपी गिरवताना पाहून माझ्या पोटात कालवत असे, आणि तरीही अक्षर खरोखरच सुंदर येई, हेही सांगितले पाहिजे.

लेखनाचे दोन प्रश्न असतात. पहिला १५ गुणांचा, सुमारे ८० शब्दांचा: पत्र, सूचना, निमंत्रण अशा व्यवहारातल्या लेखनाचा. त्यात बहुतेक वेळा 'समजा, तू ली हुआ आहेस' अशी सुरुवात असते. गेली अनेक वर्षे हा ली हुआ परदेशी मित्रांना पत्रे लिहीत आला आहे; कधी त्यांना चिनी चित्रकलेच्या प्रदर्शनाला बोलावतो, कधी आजारी मित्राची क्षमा मागतो. चीनमधल्या दोन पिढ्या या न जन्मलेल्या मुलाच्या नावाने सही करत मोठ्या झाल्या आहेत.

दुसरा प्रश्न २५ गुणांचा आहे आणि माझ्या मते संपूर्ण पेपरातला तो सर्वांत चांगला प्रश्न आहे. एक अपुरी गोष्ट देतात, पुढच्या दोन परिच्छेदांची पहिली वाक्ये देतात, आणि सुमारे १५० शब्दांत ती गोष्ट पूर्ण करायची असते. ग्वांगडोंगमध्ये हा प्रश्न २०२१ साली पहिल्यांदा आला तेव्हा मी तेथेच होते. गोष्ट अशी की, जुळी भावंडे मातृदिनी आईला अंथरुणातच न्याहारी द्यायचे ठरवतात, पण लापशी उतू जाते आणि पाव करपतो. पहिल्या परिच्छेदाच्या आरंभी निराश झालेल्या मुलांसमोर वडील येतात, दुसऱ्याच्या आरंभी मुले न्याहारी घेऊन वर जातात. आता पुढे काय लिहायचे ते पाठ करून येऊच शकत नाही, निदान प्रश्न काढणाऱ्यांची अपेक्षा तशी होती. वाचल्याशिवाय लिहिता येत नाही आणि वाचलेल्याचा सूर सोडून लिहिले तर ते लगेच उघडे पडते. ग्वांगझौ येथील परकीय भाषांच्या विद्यापीठातील प्राध्यापक वांग चुमिंग यांनी 'पुढे लिहीत जाऊन भाषा शिकणे' हा विचार मांडला होता. या प्रश्नप्रकारामागे तो विचार आहे.

चाचणी_अभ्यासक
मी भाषाचाचणी या विषयात संशोधन करतो. वरच्या प्रतिसादाला थोडा इतिहास जोडतो, कारण या परीक्षेकडून नेहमीच दोन विरुद्ध कामांची अपेक्षा केली गेली आहे.

सांस्कृतिक क्रांतीच्या काळात बंद पडलेली गाओकाओ १९७७ साली पुन्हा सुरू झाली, तेव्हा शिक्षकच नसल्यामुळे परकीय भाषेचे गुण एकूण गुणांत सरसकट धरणे शक्य नव्हते. ते आधी काही टक्केच धरले जात, मग वर्षागणिक हे प्रमाण वाढवत नेऊन १९८३ साली ते पूर्ण धरले जाऊ लागले. त्यानंतर ग्वांगझौ येथील ग्वे शिचुन आणि ली श्याओजू या दोन अभ्यासकांनी परीक्षेची नवी रचना केली आणि १९८५ साली ग्वांगडोंगमध्येच तिचा प्रयोग झाला. पाठ केलेल्या व्याकरणाऐवजी भाषेच्या वापराची कसोटी घेतली, तर शाळांतले शिकवणेही आपोआप त्या दिशेने वळेल, असा त्यांचा विश्वास होता. पेपर बदला म्हणजे वर्ग बदलेल, ही कल्पना चीनमध्ये तेव्हापासून आहे.

वर्ग खरोखर बदलला का? ची लूश्या या संशोधकांनी याच प्रश्नाचा माग काढला आणि त्यांचा निष्कर्ष आशादायक नव्हता. लेखनाच्या प्रश्नात पत्र कोणाला लिहायचे आहे, कशासाठी लिहायचे आहे, हे सर्व दिलेले असते, आणि पेपर काढणाऱ्यांच्या दृष्टीने प्रश्नाचा जीव त्यातच असतो. वर्गात मात्र शिक्षक आणि विद्यार्थी नेमके तेच बाजूला ठेवून चूक टाळणे, मुद्दे न गाळणे आणि गुण राखणे यांवर भर देत होते. त्यात शिक्षकांचा दोष नाही. जी परीक्षा आयुष्याचा निवाडा करते, तिची तयारी गुणांसाठीच केली जाणार.

आणखी एक अडचण बाहेरून दिसत नाही. हे पेपर उघडले जाईपर्यंत सरकारचे अतिगोपनीय दस्तऐवज असतात आणि पेपर काढणाऱ्यांना परीक्षा होईपर्यंत बाहेरच्या जगापासून दूर ठेवले जाते. चांगल्या भाषाचाचणीत प्रत्येक प्रश्न आधी काही विद्यार्थ्यांना देऊन पाहतात, तो किती अवघड आहे ते मोजतात आणि मगच वापरतात. येथे ते करता येत नाही. त्यामुळे या वर्षीचे १२० आणि मागच्या वर्षीचे १२० एकाच योग्यतेचे आहेत, असे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. वर्षातून एकदाच परीक्षा असेल तर बिघडत नाही, कारण सर्वांनी एकच पेपर सोडवलेला असतो. वर्षातून दोनदा घ्यायची ठरवली की हाच दोष उघडा पडतो.

यीवूचा_व्यापारी
तो उघडा पडला तेव्हा मी चजिआंग प्रांतातच होतो, म्हणून लिहितो. यीवूच्या घाऊक बाजारातून माल मुंबईला पाठवण्याचा माझा व्यवसाय आहे. या प्रांतात इंग्रजीची परीक्षा वर्षातून दोनदा देता येते आणि दोहोंपैकी चांगले गुण धरले जातात. २०१८ च्या नोव्हेंबरमधला पेपर फार कठीण गेला. आधीच्या परीक्षेशी मेळ बसावा म्हणून अधिकाऱ्यांनी काही प्रश्नांच्या गुणांना वेगळे वजन दिले, आणि निकाल लागल्यावर पालकांच्या लक्षात आले की अगदी वेगवेगळी कामगिरी केलेल्या मुलांचे गुण जवळजवळ येऊन बसले आहेत. माझ्या कार्यालयात हिशेब पाहणाऱ्या बाईंचा मुलगा त्याच परीक्षेला बसला होता. त्या आठवड्यात त्या दुपारचे जेवण जेवल्या नाहीत. प्रांतिक सरकारने चौकशी केली, डिसेंबरच्या सुरुवातीला ते वजन रद्द करून मूळ गुण परत दिले आणि जबाबदार अधिकाऱ्यांवर कारवाई झाली.

आता बोलण्याविषयी. माझ्याकडे आजवर बारा-तेरा तरुण कर्मचारी काम करून गेले, सर्व गाओकाओ दिलेले. पहिले काही महिने दूरध्वनी वाजला की ते एकमेकांकडे पाहत. परंतु मालाच्या करारातील एखादे कलम, विम्याची अट, बंदरावरून आलेले लांबलचक पत्र हातात दिले, तर त्यातली खोच ते माझ्याआधी पकडत. मी स्वतः मुंबईत इंग्रजी माध्यमात शिकलो, बोलताना अडखळत नाही, पण वाचताना माझी नजर घसरते. त्यामुळे 'त्यांना इंग्रजी येत नाही' असे म्हणणे मला पटत नाही. परीक्षेने जे मागितले ते त्यांनी पक्के करून दिले आहे.

शांघायकर_मीरा
शांघायचा पेपर वेगळा असतो, हेही येथे नोंदवते. तेथे चिनी वाक्यांचे इंग्रजीत भाषांतर करायला देतात, उताऱ्याचा सारांश लिहायला देतात, आणि १५० पैकी १० गुण संगणकावरील श्रवण-संभाषणाचे आहेत. बीजिंगने २०२१ च्या गाओकाओपासून श्रवण आणि संभाषण मिळून ५० गुण संगणकावर दिले आहेत, त्यांपैकी २० बोलण्याचे. ही परीक्षा दोनदा देता येते.

माझा आक्षेप मात्र मूलभूत आहे. बोलण्याच्या परीक्षेचे सर्वांत मोठे प्रयोग कोठे झाले ते पाहा: बीजिंग, शांघाय, ग्वांगडोंग. शांघायमध्ये आमच्या शेजारची मुलगी चौथ्या वर्षापासून परदेशी शिक्षकाकडे जात होती. २०२१ च्या जुलैमध्ये सरकारने खासगी शिकवण्यांवर कडक निर्बंध आणले, पण तोवर तिचे इंग्रजी मार्गी लागलेले होते. गान्सू किंवा ग्वेजौ प्रांताच्या डोंगराळ भागातील मुलीचे काय? धोरणाप्रमाणे इंग्रजी तिसरीपासून सुरू होते, परंतु तिच्या गावात शिक्षक मिळाला तर. काही प्रांतांत तर श्रवणाचे ३० गुणही एकूण गुणांत धरले जात नसत. उरलेले १२० गुण सव्वापट करून १५० केले जात, यामागेही हीच अडचण होती. संपूर्ण देशात तोंडी परीक्षा सक्तीची केली, तर शहरातल्या सुखवस्तू घरातील मुलांना आयते गुण मिळतील. बहुपर्यायी प्रश्नांना आपण कितीही नावे ठेवली, तरी पेन्सिलीने काळा केलेला चौकोन मुलाचा उच्चार ऐकत नाही.

निवृत्त_परीक्षक
मीराताईंचे म्हणणे मला पटते आणि अस्वस्थही करते. आपल्याकडे बारावीला इंग्रजीची ८० गुणांची लेखी आणि २० गुणांची तोंडी परीक्षा असते, आणि तोंडीचे गुण महाविद्यालयातच दिले जातात. आपलाच शिक्षक आपल्याच विद्यार्थ्याला गुण देतो तेव्हा मन मोठे होते, आणि मग त्या वीस गुणांवरून दोन मुलांतला फरक समजत नाही. चीनने हा मार्ग घेतला नाही, यामागचे कारण आता नीट लक्षात आले. त्यांनी माणूस काढून यंत्र बसवले ते न्याय व्हावा म्हणून, पण माणसाबरोबर संभाषणही गेले.

चाचणी_अभ्यासक
सर, आपण अचूक बोट ठेवलेत. २०२१ च्या मार्च महिन्यात चिनी सल्लागार परिषदेचे सदस्य शू जिन यांनी शालेय शिक्षणातील इंग्रजीचे मुख्य विषयाचे स्थान काढून घ्यावे, गाओकाओतही ते सक्तीचे असू नये, असा प्रस्ताव मांडला होता. त्याआधी २०१३ साली बीजिंगनेही इंग्रजीचे गुण १५० वरून १०० करण्याचा आराखडा जाहीर केला होता, तो अमलात आला नाही. प्रत्येक वेळी वाद गुण किती असावेत यावरच होतो. ते गुण कशाचे असावेत, हा प्रश्न मागे पडतो. १ जून २०१८ पासून लागू झालेल्या राष्ट्रीय इंग्रजी क्षमता मानकात नऊ पातळ्या आहेत आणि त्यांत बोलण्याचे, एवढेच नव्हे तर दुभाषेपणाचेही तपशीलवार वर्णन आहे. कागदावर ती दृष्टी आहे. ती दृष्टी आणि जूनमधला पेपर यांत अजून बरेच अंतर आहे.

केतकी_दक्षिणचीन
मीराताई, आपला मुद्दा मी नाकारत नाही. मी त्याची दुसरी बाजू वर्गात पाहिली आहे. आमच्या शाळेत प्रांताच्या उत्तरेकडील डोंगरातून आलेली एक मुलगी वसतिगृहात राहत होती. तिच्या गावाकडे प्राथमिक शाळेत इंग्रजी शिकवायला कोणी नव्हते. तिचे वाचन उत्तम होते, शब्दसंग्रह माझ्या अपेक्षेबाहेरचा होता, पण तिच्या उच्चारांवर तिच्या बोलीची छाप होती आणि वर्गात ती तोंड उघडत नसे. संगणक कक्षात मात्र सर्वजण एकाच वेळी बोलत असल्यामुळे तिचा आवाज कोणालाच वेगळा ऐकू येत नसे, आणि तेथे ती मोकळी होई. ज्या यंत्राविषयी मी तक्रार केली, त्याच यंत्रासमोर तिने पहिल्यांदा सलग दोन मिनिटे इंग्रजीत गोष्ट सांगितली. मी तिच्या मागे उभी राहून ती ऐकली. गोष्टीतले दोन तपशील तिने गाळले, क्रियापदाचे काळ दोन ठिकाणी चुकले, आणि शेवट मूळ गोष्टीपेक्षा अधिक चांगला केला. त्या शेवटाबद्दल तिला गुण मिळणार नव्हते, कारण ऐकलेले सांगायचे होते.

म्हणून यंत्र काढून टाका असे मी म्हणणार नाही. माझी इच्छा एवढीच आहे की शाळेच्या पातळीवर, प्रवेशाच्या गुणांशी संबंध न ठेवता, प्रत्येक मुलाला वर्षातून एकदा एखाद्या माणसासमोर बसून दहा मिनिटे बोलावे लागावे, आणि त्याचे लेखी वर्णन, गुण नव्हे, त्याच्या हाती मिळावे.

यीवूचा_व्यापारी
केतकीताई, कल्पना चांगली आहे, पण ज्याचे गुण नाहीत त्याचे गाओ-सानच्या वर्षात काय होते, हे आपणच पहिल्या प्रतिसादात लिहिले आहे. मुले त्या दहा मिनिटांतही गणितच सोडवतील.

केतकी_दक्षिणचीन
हो, बारावीत तसेच होईल. म्हणून मी ते दहावीच्या वर्षी ठेवीन, जेव्हा वसतिगृहातून येणारी मुले अजून तासाची वाट पाहत असतात. ग्वांगडोंगमधल्या माझ्या दोन माजी सहकाऱ्यांनी आपापल्या वर्गांपुरता तसा प्रयत्न सुरू केला आहे. त्यांच्याकडून वर्णनाचा नमुना आला की त्याचे मराठी भाषांतर येथेच देईन.